फोन अर्जदाराच्या हातात होता

अर्जदार: मी. धंदा अर्जलेखन, वय पन्नाशीच्या पुढे, राहणार नंदाखालच्या बाजूस. नाव लिहीत नाही.

गैरअर्जदार: शेअर रिक्षाचा चालक, वय तिशीच्या आत, नुकताच बाप झालेला. नाव लिहीत नाही.

दिनांक: पावसाळा सरला होता आणि बावखले, म्हणजे आमच्या वाड्यांतली तळी, काठोकाठ भरलेली होती, ते दिवस. तारीख मला पाठ आहे. परंतु तारखेवरून माणूस सापडतो, सबब तीही लिहीत नाही.

ठिकाण: नंदाखालहून विरार स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याचे ते वळण, जेथे डाव्या हाताला केळीची वाडी संपते आणि वाडीला पाणी पुरवणारे बावखल अगदी डांबराला येऊन टेकते. मध्ये कठडा नाही.

साक्षीदार: एक, केळीची पाने विकणारी मावशी. दोन, बँकेत नोकरीला असलेले एक गृहस्थ. तीन, माझी मुलगी. तिघेही सही करण्यास तयार नाहीत.

असा कागद दुसऱ्या कोणी माझ्या टेबलावर आणून ठेवला असता, तर मी तो दोन बोटांनी उचलून परत केला असता. कचेरीसमोरच्या झाडाखाली मी इतकी वर्षे बसतो आणि लोकांना हेच सांगत आलो आहे की निनावी अर्ज दप्तरी दाखल होतो. म्हणजे त्यावर शिक्का बसतो, तो फडक्यात बांधला जातो आणि पुन्हा उजेड पाहत नाही. माझे शालेय शिक्षण नववीवर थांबले. परंतु पदवीधर लोकसुद्धा माझ्याकडे अर्ज लिहून घेण्यास येतात, कारण कोणता शब्द कोठे टिकतो आणि कोठे गळून पडतो हे मला ठाऊक आहे, असा माझा लौकिक आहे. तो मी कष्टाने मिळवला आहे. आणि आज मी स्वतःच नाव नसलेला अर्ज लिहीत आहे. तो कोणत्याही कचेरीत घेतला जाणार नाही, म्हणून आठवणी म्हणून लिहीत आहे.

माझ्या मुलीला विरारच्या एका दवाखान्यात रक्ततपासणीच्या कामावर नोकरी लागली. सकाळची पाळी. पहिल्या दिवशी मी तिच्यासोबत निघालो. मुलगी ज्या वाहनाने रोज जाणार ते वाहन एकदा डोळ्यांखालून घालावे, हे बापाचे कर्तव्य आहे असे मी समजतो. ती मागे दोघींच्या सोबत बसली. मी पुढे, चालकाच्या डाव्या बाजूला, चौथ्या सीटवर बसलो. ही चौथी सीट कायद्यात नाही. आमच्या रस्त्यावर मात्र ती भरल्याशिवाय रिक्षा हलत नाही.

चालक आमच्याच बाजूचा, शेतकरी घरातला पोरगा. खाडीकाठची जमीन गेली आणि रिक्षा आली, अशातला. बोलायला गोड, हात सफाईदार. हँडलच्या मधोमध त्याने रबराच्या पट्ट्याने फोन बांधला होता. वाटेत फोन टिंग करून वाजला. त्याने मान खाली घातली, अंगठ्याने काही सरकवले, वाचले, हसला. मी समोर पाहत होतो. रस्ता उजवीकडे वळत होता आणि वळणावर ते बावखल होते, वरून हिरवेगार, शेवाळाने झाकलेले, नवख्या माणसाला गवताचे मैदान वाटावे असे. त्याची नजर फोनवर होती तेवढा वेळ रिक्षा कोण चालवत होते, हा प्रश्न माझ्या मनात उभा राहिला. त्याचे उत्तर मला आजही मिळालेले नाही. त्याने मान वर केली, रिक्षा आपसूक वळली, मागे कोणाला काही कळलेही नाही. मी मागे वळून मुलीकडे पाहिले. ती केसांत पिन खोचत होती.

स्टेशनजवळ मुलगी उतरून गेली. मी स्टँडवर थांबलो.

मी त्याला म्हणालो, "वाहन चालवताना भ्रमणध्वनी हाताळणे हा गुन्हा आहे, हे तुला ज्ञात आहे काय?"

"काका, हाताळतो कोन? नुसता बघतो."

"बघणे हेसुद्धा..."

शेजारच्या रिक्षातून एक जण ओरडला, "वकीलसायेब, नोटीस काढा त्याला! पन साध्या मराठीत काढा, त्याला तुमची समजत नाय!"

सगळा स्टँड हसला. चालक हसला नाही. तो रिक्षातून उतरून माझ्याजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बायकोचे दिवस भरत आलेत, काका. घरी फक्त आई, तिला ऐकायला कमी येते. फोन आला आनि मी नाय बघितला, तर? तुम्हीच सांगा."

"रिक्षा बाजूला घे. थांबून बघ."

"थांबलो की मागचा पुढे जातो. रांगेतला नंबर गेला की स्टेशनवर गाडीची मानसं दुसरा घेऊन जातो. मग दवाखान्याला काय देऊ, तुमचा कायदा?"

त्याच्या तोंडावर मी जी भीती पाहिली ती माझ्याच जातीची होती. त्याला फोन वाजण्याची भीती होती आणि मला त्याने फोन पाहण्याची. दोघांच्याही भीतीचे मूळ एकेका मुलीत होते. त्याची अजून जन्मायची होती, इतकाच फरक.

घरी मी मुलीला सांगितले की उद्यापासून दुसरी रिक्षा बघ.

ती जेवत होती. म्हणाली, "बाबा, दुसरा काय फोन खिशात ठेवतो? सगळे सारखेच. उलट ह्याचं मी जमवलंय."

"काय जमवलंस?"

"परत येताना तोच भेटला. मी बसल्या बसल्या त्याचा फोन मागून घेतला. म्हटलं, दादा, मेसेज आला तर मी वाचून दाखवते, तुम्ही पुढे बघा. दिला लगेच. त्याच्या आईचा फोन आला तर मी बोलणार. मी वाचलं नाही तर तो स्वतः वाचणार, मग ह्यात वाईट काय?"

आमच्या घरातून, म्हणजे मुलीच्या आईकडून, ताट उचलत उत्तर आले, "पोरीला तुमच्यापेक्षा अक्कल जास्त हाय. तुम्ही अर्ज लिहीत बसाल, तिने काम केलं पन."

मला मुलीचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी भीती दुप्पट झाली. कारण आता ती नुसती प्रवासी राहिली नव्हती. त्या रिक्षाचे अर्धे डोळे ती झाली होती. ती ज्या दिवशी रजेवर असेल त्या दिवशी मागे बसलेल्यांचे काय, हा विचारही आला. परंतु खरे लिहायचे तर तो विचार फार टिकला नाही. मला फक्त तिचे पडले होते.

त्यानंतरच्या संध्याकाळी कशा गेल्या ते सांगतो. दवाखान्यातून सुटून ती स्टँडवर आली की मला फोन करत असे. रिक्षा रांगेत उभी राहिली आणि ती आत बसली, हे कळवण्यासाठी तिचे ठरलेले दोन शब्द असत: "गाडी लागली." आपल्या भाषेत स्टँडवर उभी राहिलेली गाडी लागते. ज्याला प्रवासात मळमळते त्यालाही गाडी लागते. आणि धडक बसते तेव्हाही हेच क्रियापद येते. मी शब्दांवर पोट भरणारा मनुष्य. ते दोन शब्द कानावर पडले की पहिल्या क्षणाला मला तिसराच अर्थ ऐकू येई. मग तिचा आवाज शांत आहे हे ध्यानात येऊन तो हळूहळू विरघळे.

एकदा न राहवून मी तिला म्हणालो, "लागली म्हणू नकोस. मिळाली म्हण."

ती फोनवर खळखळून हसली. "बाबा, मिळाली काय! पळून गेली होती का गाडी?"

आणि मागून चालकाचा आवाज, "काकांना सांग, गाडी सुखरूप सापडली!"

तेव्हा चालकाचा फोन कोणाच्या हातात होता, रिक्षा उभी होती की चालली होती, हे मला कळले नाही. मी विचारले नाही. ऐकण्याची हिंमत नव्हती. दारातल्या पायरीवर बसून मी रस्त्याकडे पाहत राहिलो. विरारकडून येणाऱ्या रिक्षांचे दिवे झाडांमागून दिसत. एखादा दिवा वळणापाशी थबकला की मी उठून उभा राहत असे. तो पुन्हा चालू लागे. खड्डा असेल. मी बसत असे.

मग त्याची बायको बाळंत झाली.

त्या सकाळी मला कामासाठी विरारला जायचे होते म्हणून मी पुन्हा चौथ्या सीटवर होतो. मागे मुलगी, केळीच्या पानांचा भारा घेतलेली मावशी आणि बँकेतले गृहस्थ. रिक्षात पेढ्यांचा डबा होता. त्याने सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला.

मावशी म्हणाली, "मुलगी झाली नि पेढे? अरे, बर्फी वाटायची. काय समजते की नाय?"

"पेढेच वाटनार, मावशी. आमच्यात आता हाच कायदा. आनि काका साक्षीदार."

मीही हसलो. पेढा चांगला होता. माझ्या मनात आले, संपले. ज्या फोनची त्याला भीती होती तो फोन येऊन गेला. आता तो रस्त्याकडे बघेल. मुलीने त्या दिवशी फोन मागितला नाही. कदाचित तिलाही तसेच वाटले असेल.

रिक्षा सुटली. बागा मागे पडल्या. आणि त्याने पट्ट्यातून फोन काढून माझ्या हातात दिला.

"काका, तुम्ही मोठे. पयले तुम्ही बघा. तीच दिसतेय वरती, काही दाबू नका."

मी चष्मा चढवला. दुपट्यात गुंडाळलेले लाल तोंड, मिटलेले डोळे, कपाळावर एक सुरकुती, जणू जन्मताच तिची काही तक्रार होती. मी म्हणालो, "आयुष्मती होवो." मग फोन मागच्या बाजूला धरला, मावशीला दिसावा म्हणून.

मावशी पुढे वाकली. "अगो बाई. नाक बापाचं घेतलंय. वाट लागली पोरीची!"

सगळे हसले. आणि तो वळला.

हे मी पुनःपुन्हा नीट आठवले आहे. तो फोन पाहण्यासाठी वळला नाही. फोन माझ्या हातात होता आणि त्यावरचे चित्र त्याला पाठ होते. तो वळला आमची तोंडे पाहण्यासाठी. आपली मुलगी या लोकांना आवडली का, हे त्याला पाहायचे होते. पुरते वळून, एक हात हँडलवर, हसरा चेहरा मावशीकडे. त्याच्या खांद्यापलीकडे मला रस्ता दिसला आणि तो उजवीकडे जात होता. आम्ही मात्र सरळ जात होतो.

मी ओरडलो असे सगळे म्हणतात. मला माझा आवाज ऐकू आला नाही. पुढचे चाक डांबर सोडून मातीत घुसले, रिक्षा माझ्या बाजूला कलली आणि माझ्या खाली फक्त हिरवे शेवाळ दिसले. मग एक दणका बसला. काठावर तोडलेल्या माडाचे खोड शिल्लक होते, त्यावर रिक्षा अडली. फोन माझ्या हातातून सुटला. तो पडला तेव्हा शेवाळ बाजूला सरले, काळे पाणी दिसले आणि शेवाळ पुन्हा मिटले. त्यावर साधा तरंगही राहिला नाही. काही घडलेच नाही असे ते बावखल दिसत होते.

ते मिटणे मी पाहिले. तेव्हापासून डोळे मिटले की तेच दिसते. फक्त तेथे फोन नसतो.

मुलीचे कपाळ लोखंडी दांड्यावर आपटले होते. मी तिचे तोंड दोन्ही हातांत धरून विचारत होतो, "लागलं का? लागलं का तुला?" ती म्हणत होती, "नाही लागलं, बाबा. सोडा, नाही लागलं." टेंगूळ आले होते. ती माझ्याशी खोटे बोलत होती आणि मला ते खोटे हवे होते.

चालक काठावर उभा होता. तो एवढेच म्हणाला, "फोटो त्याच्यातच होता." वाडीतली माणसे धावत आली, रिक्षा ओढून बाहेर काढली. बँकेतल्या गृहस्थांनी पँटवरची माती झटकली आणि मागून येणारी रिक्षा धरली. मावशीची पाने चुरगळली होती. ती एकेक पान सरळ करत बसली आणि रडू लागली, पण पानांसाठी नव्हे.

त्याच दिवशी मी टेबलावर बसून अर्ज लिहावयास घेतला. विषय टाकला, वाहनचालकांच्या फोनवापरावर कायद्याने कडक निर्बंध घालणेबाबत. वर्णन लिहिले, ठिकाण लिहिले. मग त्या वाक्याशी आलो, ज्यावर अशा प्रत्येक अर्जाचा भार असतो: सदर वेळी गैरअर्जदार याच्या हातात फोन होता. लेखणी थांबली. नव्हता. सदर वेळी फोन अर्जदाराच्या हातात होता.

आजचा कायदा हात पाहतो. चालकाच्या हातात फोन असेल तर दंड. हात रिकामा असेल तर तो निर्दोष. त्या वळणावर चालकाचा एक हात हँडलवर होता, दुसरा रिकामा होता, आणि कायद्याच्या दृष्टीने तो त्या क्षणी आमच्या सगळ्यांत निष्पाप होता.

मी साक्षीदारांकडे गेलो. मावशी म्हणाली, "उद्या त्याच्याच रिक्षात पानं न्यायची हायत मला." बँकेतले गृहस्थ म्हणाले, "बघा, मला त्या कोर्टकचेरीत नका ओढू. आणि खरं सांगू का, फोटो तर मीही मागत होतो." मुलीने मी वाचून दाखवलेला मसुदा शेवटपर्यंत ऐकला.

"नाव लिहिणार त्याचं?"

"नाव नसलेला अर्ज दप्तरी दाखल होतो."

"होऊ दे. त्याचं परमिट गेलं तर ती पोरगी काय खाणार? आणि बाबा, मला कोणी विचारलं फोन कोणाच्या हातात होता, तर मी काय सांगू?"

मी म्हणालो, "खरे सांग."

"मग तुमचा अर्ज कुठे राहिला?"

आतून मुलीची आई एवढेच म्हणाली, "तिची नोकरी सोडवा. नको आपल्याला." परंतु मुलगी दुसऱ्या दिवशी गेली. त्याच रिक्षाने गेली. संध्याकाळी आल्यावर तिने सांगितले की त्याने नवा फोन घेतला आहे आणि तिने बसताक्षणी हात पुढे केला. त्याने निमूट दिला. पण वाटेत घरून फोन आला, तो तिने उचलला तर पलीकडे कोणी बोलत नव्हते, नुसते बाळ रडत होते. बायकोने मुद्दाम लावला होता, बापाला आवाज ऐकवायला. तो म्हणाला, "ताई, जरा मोठ्याने लाव ना." तिने लावला. मला हे सांगताना तिचा चेहरा उजळला होता. तिच्या कपाळावरचे टेंगूळ अजून काळेनिळे होते.

मला त्या बाळाचा राग येत नाही. तिच्या आवाजाची भीती वाटते.

म्हणून हा निनावी अर्ज. तो कोणत्या साहेबांच्या नावे करावा हे मला प्रथमच ठरवता आलेले नाही. ज्यांच्या हाती कायदा करणे आहे त्यांच्यापर्यंत तो कोणीतरी पोचवावा. विनंती येणेप्रमाणे की, चालते वाहन चालवणाऱ्याचा फोन बंद करून मागे ठेवणे सक्तीचे करावे. तो चालकाच्या हातात नसला एवढ्याने भागणार नाही, प्रवाशाच्या हातातही नसावा. त्याच्यासाठी फोन उचलणारा, वाचणारा, दाखवणारा प्रवासीही कसूरवार धरावा. तशी वेळ आल्यास प्रथम माझे नाव घालावे, ते मी तेथे देईन. आणि त्याच कायद्यात एक कलम असे असावे की घरी आजारी, बाळंतीण किंवा म्हातारे माणूस आहे म्हणून एखाद्याने रस्त्याच्या कडेला रिक्षा थांबवून फोन घेतला, तर स्टँडवरचा त्याचा नंबर जाणार नाही. हे दुसरे कलम नसेल तर पहिले कोणी पाळणार नाही. मी ते त्याच्या तोंडावर पाहिले आहे.

तोपर्यंत त्या वळणावर निदान एक कठडा बांधावा.

सदर प्रकरणी काय निर्णय होतो ते अर्जदारास कळावे, ही नम्र विनंती. उत्तर लेखी असावे आणि टपालाने यावे. मी पायरीवर बसलेलो असतो तेव्हा, म्हणजे संध्याकाळी, कृपा करून कोणीही फोनवर कळवू नये.